भुयार खणणाऱ्यांचं संमेलन

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला आधी 'संगणक क्षेत्रातल्या संधी' हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. काल चहाच्या वेळी मला अकरा जणांनी एकच प्रश्न विचारला, की एआय आल्यावर आता आमच्या पोरांनी कॉम्प्युटरला जावं की नाही. अकरा जणांना मी अकरा वेगळी उत्तरं दिली आणि त्यातलं एकही मला स्वतःला पुरतं पटलेलं नाही. तेव्हा त्यावर अर्धा तास बोलण्यात अर्थ नाही. गेले आठ महिने मी ज्या कामात गुंतले आहे त्याबद्दल बोलते.

येत्या जानेवारीतल्या चौथ्या शनिवार-रविवारी आम्ही पाच जण मिळून नागपुरात एक छोटं संमेलन भरवतो आहोत. नोकरी सांभाळून, रात्री जागून, एकट्यानं कॉम्प्युटर गेम तयार करणाऱ्यांचं. त्यातही एका विशिष्ट जातीचे गेम करणाऱ्यांचं. तीस माणसं येतील. माझं तुमच्याकडे एक काम आहे, पण ते शेवटी सांगते, म्हणजे कोणी मधेच पोह्यांकडे जाणार नाही.

या जातीच्या गेमला 'रोगलाइक' म्हणतात. घरी मी पहिल्यांदा हा शब्द काढला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कशाचा रोग?" हा रोग आपला नव्हे, इंग्रजीतला आहे; भामटा, लफंगा या अर्थाचा. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघांनी 'रोग' नावाचा गेम लिहिला. बर्कलीच्या केन अरनॉल्डनं 'कर्सेस' नावाचं एक साधन लिहिलं होतं. त्यामुळे तेव्हाच्या टर्मिनलवर हवं ते अक्षर पडद्यावर हव्या त्या जागी ठेवता यायचं. पुढे अरनॉल्डही या गेमच्या कामात सामील झाला. चित्रं नव्हतीच. खेळणारा म्हणजे आपल्या ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजी मोठी अक्षरं, ए ते झेड, सव्वीस प्रकारचे. भिंती म्हणजे आडव्या-उभ्या रेघा. सव्वीस मजले खाली उतरायचं, तिथला ताईत उचलायचा आणि जिवंत वर यायचं.

तोवरच्या साहस-खेळांची एक अडचण होती. कोडं एकदा सुटलं की संपलं. आणि ज्यानं खेळ लिहिला त्याला तर तो कधीच खेळता येत नाही, कारण खजिना कुठे पुरलाय ते त्याला आधीच ठाऊक. या मुलांना असा खेळ हवा होता, जो त्यांना स्वतःलाही चकवेल. म्हणून त्यांनी भुयार खणायचं काम कॉम्प्युटरवर सोपवलं. आपण फुलीगोळा खेळायला वहीच्या मागच्या पानावर नऊ घरं काढायचो ना, तसाच पडदा नऊ घरांत विभागलेला. प्रत्येक घरात कमी-जास्त मापाची खोली काढायची आणि खोल्या बोळांनी जोडायच्या. माप, दारं, राक्षस, खजिना सगळं दर वेळी नवं. एवढ्या साध्या युक्तीवर हा सगळा संसार पंचेचाळीस वर्षं चालला आहे.

दुसरा नियम जास्त कडक आहे. मेलात की मेलात. परत पहिल्यापासून. खेळ मधे थांबवून उद्या पुढे चालू करता येतो, पण चालू करताच जपून ठेवलेली फाइल पुसली जाते. म्हणजे हरल्यावर गुपचूप मागे जाऊन दुसरा रस्ता धरायची सोय नाही. नवख्या माणसाला हा क्रूरपणा वाटतो. पण पत्त्यांचा विचार करा. पिसून वाटलेला डाव वाईट आला म्हणून "जाऊ द्या, परत वाटा" म्हणता येत नाही, आणि येत असतं तर पत्ते पिसायला काही अर्थच राहिला नसता. आला तो डाव नीट खेळायचा. हरलं तर पुढचा डाव वेगळा असतोच.

मला हा प्रकार भेटला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या लॅबमधल्या लिनक्सच्या मशीनवर कोणीतरी 'नेटहॅक' टाकून ठेवला होता. रोगवरून १९८२ मध्ये 'हॅक' निघाला आणि हॅकवरून १९८७ मध्ये नेटहॅक. म्हणजे नात्यानं तो रोगचा नातू. पडद्यावर नुसती अक्षरं दिसत असल्यामुळे लॅब असिस्टंटला वाटायचं पोरगी प्रोग्रॅम लिहिते आहे. सर्वांत जास्त लॅबमध्ये बसणारी विद्यार्थिनी म्हणून माझं नाव झालं होतं. आता नागपूर विद्यापीठाची डिग्री हातात येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून सांगायला हरकत नाही.

आता या खेळाच्या पोटातली एक गोष्ट सांगते, कारण संमेलन का भरवायचं ते तिच्यावाचून कळणार नाही. कॉम्प्युटरला खरोखरचं 'काहीही' निवडता येत नाही. त्याला एक आकडा द्यायचा. त्या आकड्यावर ठरलेली गणितं करून तो पुढचे आकडे काढतो आणि ते आपल्याला वेडेवाकडे वाटतात. त्या पहिल्या आकड्याला सीड म्हणतात, म्हणजे बियाणं. आपल्या विदर्भात एकच बियाणं दोन शेतांत पेरलं तर दोन वेगळी पिकं येतात. इथे तसं नाही. तेच बियाणं टाकलं की तंतोतंत तेच भुयार, तोच राक्षस, त्याच कोपऱ्यात. बियाणं बदललं की सगळंच बदललं.

म्हणजे मी गेम लिहिते तेव्हा भुयार लिहीतच नाही. भुयार कसं खणायचं त्याचे नियम लिहिते. त्यातून कोट्यवधी भुयारं निघू शकतात आणि त्यातली मी स्वतः चारशे-पाचशे पाहिलेली असतात. बाकीच्यांत काय आहे मला माहीत नाही. एखाद्यात जिना भिंतीआड अडकून पडला असेल, एखादं इतकं सोपं असेल की खेळणारा जांभया देईल. जिना अडकला की नाही हे तपासणारा प्रोग्रॅम लिहिता येतो. रोग खेळणाराच एक प्रोग्रॅम १९८१ साली कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी लिहिला होता, 'रॉग-ओ-मॅटिक' नावाचा, आणि तो चांगला खेळायचा. पण खेळणारा कुठे थबकतो, कुठे हसतो, कुठे कंटाळून फोन हातात घेतो, हे कुठलाच प्रोग्रॅम सांगत नाही. त्यासाठी माणूस बसवावा लागतो आणि त्याच्या मागे आपण गप्प बसावं लागतं.

माझा स्वतःचा एक गेम आहे. सहा वर्षं झाली, अजून पुरा झालेला नाही. कांद्री-मनसरकडच्या मँगनीजच्या खाणींवर बेतलेला. माझे बाबा खाणीत सर्व्हेअर होते हे तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. सहलीच्या वेळी त्यांनी सगळ्या वर्गाला काळ्या दगडाचे तुकडे वाटले होते. माझ्या गेममध्ये तलवार नाही. एक दिवा आहे आणि मोजकं तेल. तेल संपायच्या आत वर यायचं. बाबा गेले त्या वर्षी मी तो सुरू केला. यापलीकडे त्याबद्दल बोलणार नाही.

तीन वर्षं तो फक्त मीच खेळत होते. मग एका दिवाळीत माझी भाची येऊन बसली. तिला मी काही सांगितलं नाही. तिनं दहा मिनिटांत दिवा फुंकून टाकला आणि अंधारात भिंत धरून चालायला लागली. दिवा विझवता येतो ही गोष्ट प्रोग्रॅममध्ये होती, कारण दिवा पडून विझायला हवा होता. तो आपण होऊन कोणी विझवेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ती पोरगी भिंत मोजत चालली होती, "डावीकडे चार, मग वळण." तेल तिनं परतीसाठी राखून ठेवलं होतं. मी मागे बसून वहीत लिहीत होते आणि माझा हात थरथरत होता. बाबा असेच सांगायचे, जाताना भिंत पाठ करायची. आज तो गेम त्या एका गोष्टीवर उभा आहे.

आता असा विचार करा, की वर्ध्यात, अकोल्यात, चंद्रपुरात, छिंदवाड्यात अशी माणसं आहेत. कोणी बँकेत आहे, कोणी पॉलिटेक्निकला शिकवतो, एक जण औषधाच्या दुकानात बसतो आणि गिऱ्हाईक नसताना कोड लिहितो. त्यातल्या एकानं मला सांगितलं, माझ्या गेमचा पाचवा मजला जगात माझ्याखेरीज कोणी पाहिलेला नाही. चार वर्षं झाली त्याला. गेम इंटरनेटवर ठेवलाय, लोक उतरवून घेतात, दोन दिवसांनी "छान आहे भाऊ" असं लिहितात. त्यातून त्याला काहीच कळत नाही. त्याला पाहिजे आहे तो त्याच्यासमोर बसून मरणारा माणूस. खेळात मरणारा. आमचं संमेलन त्याच्यासाठी आहे.

असं संमेलन भरवणारे आम्ही पहिले नाही. २००८ साली बर्लिनमध्ये अशा खेळांच्या कारागिरांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथे त्यांनी काय केलं असेल? रोगलाइक कशाला म्हणावं याची व्याख्या केली! लक्षणांची यादी काढली, त्यात महत्त्वाची कोणती आणि दुय्यम कोणती तेही ठरवलं. 'बर्लिनची व्याख्या' म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि तिच्यावरून अजून भांडणं होतात. मराठी साहित्य संमेलनं पाहिलेल्या माणसाला हे सगळं घरच्यासारखं वाटेल. मग २०१६ पासून सॅन फ्रान्सिस्कोत 'रोगलाइक सेलिब्रेशन' नावाचा शनिवार-रविवारचा मेळावा सुरू झाला. त्यात करणारे आणि खेळणारे दोघंही असतात. कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, त्यांनी तो ऑनलाइन नेला, आणि तोही मजकुरातून बांधलेल्या एका आभासी जागेत, जिथे तुम्ही खोल्याखोल्यांतून फिरता आणि भेटेल त्याच्याशी बोलता. तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. मी जेवून, ओटा आवरून बसायचे आणि पहाटेपर्यंत भाषणं ऐकायचे. फार चांगली भाषणं असतात, खोटं कशाला बोलू. पण माझा गेम खेळताना कोणाचा चेहरा बघायला मिळाला नाही.

आपल्या देशातही हे खेळ होतात. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओनं २०१७ मध्ये 'असुर' काढला, तो याच वळणाचा आणि आपल्या पुराणांतून उचललेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० मधला 'राजी' गाजला. तो रोगलाइक नाही, पण पुण्यात बसून जगभर खेळला जाणारा गेम करता येतो हे त्यानं दाखवलं. मोठ्या परिषदाही होतात. तिथे गुंतवणूकदार असतात, नोकऱ्या असतात, गळ्यात पट्टे असतात. ते सगळं असावंच. आमच्या औषधवाल्या भावाला तिथे कोण विचारतो?

मग नागपूर का? कारण दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात. आपण देशाच्या मधोमध असल्याची प्रौढी मिरवत लहानपणापासून झिरो माइलच्या दगडापाशी पाहुण्यांना उभं करतो, त्याचा एकदा तरी उपयोग व्हावा. हैदराबाद आपल्याला पाचशे किलोमीटर, पुणे सातशेच्या पुढे. भोपाळ, रायपूर रात्रीच्या गाडीनं. शिवाय माझा एक हट्ट आहे, तो मी लपवत नाही. आपल्या वर्गातले इंजिनीअर झालेले बहुतेक पुण्या-बंगळुरूला गेले. मीही चौदा वर्षं पुण्यात काढली. तिथे शिकायला गेलं तर ठीक, नोकरीला गेलं तर ठीक. नुसतं आपलं काम कोणाला दाखवायला एवढ्या लांब जावं लागू नये.

तारीख ठरवायला आम्हाला दोन महिने लागले. मे-जूनचं नावच काढू नका, पंचेचाळीस डिग्रीत माणसांच्या आधी लॅपटॉप दम तोडतात. दसऱ्याच्या सुमाराला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात, गाड्यांना जागा नसते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराचा परिणाम असा की त्या दिवसांत सीताबर्डीपासून वर्धा रोडपर्यंत लॉजची खोली मिळत नाही, आणि मिळाली तर आमदाराच्या भावानं मिळते. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा, शाळांचे हॉल अडकलेले. राहिला जानेवारी, संक्रांत आटोपल्यावरचा. त्याचा आणखी एक फायदा निघाला. मार्चच्या सुमारास जगभर सात दिवसांत एक रोगलाइक पुरा करायची स्पर्धा होते, २००५ पासून चालू आहे. आमच्याकडून परतलेल्या पोरांच्या हातात महिनाभर राहील.

जागेचं वेगळंच झालं. एका सभागृहाच्या व्यवस्थापकांना मी फोनवर 'गेमिंग' म्हणाले आणि त्यांनी लगेच पोलिसांचं ना हरकत पत्र मागितलं. मला राग आला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग त्यात कौशल्य असो की नशीब. रमीच्या जाहिराती रातोरात गायब झाल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे 'गेम' म्हटल्यावर माणूस बिचकणारच. आमच्याकडे पैशाचा संबंध नाही, कायदाही असे खेळ वेगळे धरतो. पण बाई, काल तुम्ही मला जे विचारलंत ते त्या व्यवस्थापकांपेक्षा अवघड होतं. तुम्ही म्हणालात, पैसे नसतील, पण दर वेळी नवं काहीतरी निघतं म्हणून पुन्हा पुन्हा खेळणं, ही जुगाराचीच वृत्ती नाही का?

मी रात्री त्यावर विचार केला. जुगारात आधी पैसे लावायचे आणि मग नशीब येतं. फासे पडल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. चांगल्या रोगलाइकमध्ये नशीब आधी येतं. हे घ्या भुयार, हे एवढं तेल, आता डोकं लावा. त्यानंतर जे होतं ते बरंचसं तुमच्या करणीनं. २०२४ मध्ये एका कॅनेडियन माणसानं एकट्यानं केलेला 'बालाट्रो' आला. त्यात पोकरचे हात आहेत, पण पैसे लावायची सोयच नाही. युरोपातल्या मानांकन संस्थेनं नुसते पोकरचे हात पाहून त्याला आधी अठरा वर्षांवरचा शिक्का मारला आणि पुढच्या वर्षी तो बारावर आणला. म्हणजे हा गोंधळ फक्त नागपूरच्या व्यवस्थापकांचा नाही. पण बाई, तुमची शंका मी पूर्ण खोडत नाही. बालाट्रोनं मला दोन आठवडे नीट झोपू दिलं नव्हतं. म्हणून संमेलनात एक तास आम्ही याच विषयाला ठेवला आहे, आणि तो तुम्ही घ्यावा असं मला मनापासून वाटतं. तीस जण ऐकतील, वाद घालतील. घाबरू नका, आम्ही नववीत होतो त्यापेक्षा बरे वागतात.

शेवटी जागा आपल्याच शाळेचा चित्रकलेचा हॉल मिळाला. मुख्याध्यापकांचे आभार. तिथली टेबलं रुंद आहेत आणि उत्तरेचा उजेड असल्यामुळे पडद्यावर चमक येत नाही. पंधरा टेबलं बसतात, मी टेपनं मोजली. एका कंपनीनं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, अट अशी की तीनशे माणसं जमवा, स्टेज लावा, बक्षिसं ठेवा. आम्ही नको म्हटलं. स्टेज आला की माणूस आपल्या गेमची सर्वांत चांगली पाच मिनिटं दाखवतो. आम्हाला त्याची वाईट पाच मिनिटं बघायची आहेत.

खर्च फार नाही. नोकरदारांना प्रत्येकी दोन हजार, विद्यार्थ्यांना पाचशे. वीस आणि दहा धरले तर पंचेचाळीस हजार होतात. पंचवीस हजार जेवणखाणाला, बाकीचे वीज, एक्स्टेन्शन बोर्ड, इन्व्हर्टर आणि हॉलच्या साफसफाईला. इंटरनेटवर आम्ही विसंबत नाही. हे गेम लहान असतात, पेन ड्राइव्हवर सगळे मावतात. शनिवारी सकाळी तर्री-पोहे, पण हॉलच्या बाहेर. तर्री आणि कीबोर्ड यांची गाठ पडू द्यायची नाही. दुपारी पाटवडी-रस्सा. सावजी रात्री, कारण दुपारी सावजी जेवलेल्या माणसाकडून चारपर्यंत कुठलंही काम होत नाही, हा शास्त्रीय सिद्धान्त आहे.

शनिवारी पाऊण-पाऊण तासाच्या आठ फेऱ्या. पंधरा जण आपापला गेम मांडून बसतील, पंधरा जण खेळतील, पुढच्या फेरीत उलट. वीस मिनिटं करणाऱ्यानं मागे खुर्ची टाकून गप्प बसायचं. "अरे तिकडे नको जाऊ" म्हटलं की दहा रुपये दंड, चहाच्या डब्यात. मग दहा मिनिटं बोलायचं. प्रत्येक टेबलावर तीन खेळणाऱ्यांना एकच बियाणं द्यायचं, म्हणजे त्याच भुयारात तीन माणसं कशी वेगवेगळी वागली ते दिसेल. भाषणं दोनच. आणि रविवारी संध्याकाळी बडग्या. तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर आपण नको असलेल्या गोष्टींचा बडग्या काढतो ना, तसा प्रत्येकानं आपल्या गेममधून कायमची काढून टाकायची एक गोष्ट कागदावर लिहून सगळ्यांसमोर फाडायची. पुण्याच्या मंडळींना बडग्या म्हणजे काय हे समजावण्यात माझे तीन फोन गेले.

आता तुमच्याकडचं काम. या योजनेत एक खोट आहे. शनिवारी जे खेळतील ते सगळे स्वतः गेम करणारे आहेत. त्यांना सगळ्या खोड्या पाठ असतात. कुठली भिंत पोकळ असेल हे ते वासावरून ओळखतात. दिवा फुंकून टाकणारी माझी भाची त्यांच्यात नसते. आम्हाला अशी माणसं पाहिजेत ज्यांनी आयुष्यात असला खेळ खेळलेला नाही. रविवारी सकाळी अकरा ते एक, पंधरा टेबलं, दोन फेऱ्या, म्हणजे तीस जण. तुम्ही इथे सत्तर बसला आहात.

तुम्हाला काही यावं लागत नाही. बाण दाखवणाऱ्या चार कळा दाबता आल्या की झालं. हरायचं आहे, ते सगळ्यांनाच जमतं. फक्त दोन गोष्टी पाळा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून छान म्हणू नका. तो चार वर्षं छान ऐकून कंटाळला आहे. आणि काही कळलं नाही तर "मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही" असं म्हणू नका, कुठे कळलं नाही ते सांगा. गणिताच्या सरांना तर मी आत्ताच पहिल्या टेबलावर धरलं आहे. सर आपल्या वह्या तपासताना चूक कुठल्या पायरीवर झाली तिथे बोट ठेवायचे, उत्तराला गोल करून सोडून द्यायचे नाहीत. तसा माणूस आम्हाला विकत मिळणार नाही.

दुसरं, बाहेरगावहून येणाऱ्या पाच जणी आहेत, त्यातल्या दोघी विद्यार्थिनी. शनिवारची रात्र त्यांना लॉजवर ठेवायची माझी इच्छा नाही. धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर भागात कोणाकडे एक खोली असेल तर सांगा. त्यांच्या गाड्या पहाटे साडेचार-पाचला येतात, स्टेशनवरून मी स्वतः आणेन. आणि आपल्यातले जे इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहेत, ते मागे बसून माझी नजर चुकवत आहेत. त्यांनी हॉलचं वायरिंग एकदा बघून जावं. पंधरा लॅपटॉप, पंधरा चार्जर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली एका फेजवर चालेल का, एवढंच.

वही त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. नाव, फोन, आणि पहिली फेरी की दुसरी एवढं लिहा. वाचायचा चष्मा लागत असेल तर त्या दिवशी तो बरोबर आणा, अक्षरं बारीक असतात.